बेड्यामागचं पोतं

१

बबनराव ठावरी सकाळी मोटर सुरू करायला विहिरीवर गेले, तेव्हा पेटीपासून विहिरीत उतरणारी केबल जागेवर नव्हती. केबलच्या जागी, ओलित केलेल्या हरभऱ्याच्या कडेला, अतुल देठे उताणा पडला होता. हात दोन्ही बाजूंना सरळ, पाय जुळलेले, डोळे मिटलेले. बबनरावांना वाटलं, पोरगा गस्त घालून दमला अन् इथंच झोपला. त्यांनी दोनदा हाक मारली. मग खांद्याला हात लावला, आणि तसेच गावाकडे पळत सुटले.

मुकुटबनच्या अलीकडे आत वळलं की सावरटेक लागतं. डिसेंबरचे दिवस. शेतात हरभरा आणि तूर. दिवाळीपासून या शिवारात केबलची चोरी सुरू झाली होती. रात्री मोटरीची केबल कापायची, रबर जाळून तांबं काढायचं आणि भंगारात विकायचं. गावातल्या पोरांनी गस्त सुरू केली, तिचा पुढारी अतुल होता. आयटीआय शिकलेला वायरमन. वणीकडच्या कोळशाच्या खाणीत एका कंत्राटदाराकडे काही दिवस कामाला होता. कंत्राट संपलं तसा घरी आला आणि पोलीस भरतीसाठी पळायला लागला. भरतीत दोनदा राहिला होता.

पोलीस पाटील प्रभावती पाझारे विहिरीवर पोचल्या तेव्हा माणसांनी हरभरा तुडवून टाकला होता. प्रभावती बौद्ध वस्तीतल्या. गावाची पोलीस पाटीलकी राखीव सुटली, त्या परीक्षा देऊन लागल्या. गावातले बरेच जण अजून त्यांना पाटील न म्हणता नुसतं 'बाई' म्हणत.

ठाण्याची जीप आली. पंचनाम्यात प्रभावती उभ्या होत्या. अतुलच्या खिशातून मोबाईल निघाला, तंबाखूच्या खर्ऱ्याची पन्नी निघाली, आणि पांढऱ्या चिनी मातीचे तीन किटकॅट निघाले, मोटरीच्या पेटीत फ्यूजसाठी बसवतात ते.

"वायरमनच होता," जमादार म्हणाला. "याच्या खिशात दुसरं काय असणार?"

त्याने अतुलची पँट वर सरकवली. दोन्ही नडग्यांवर एक-एक बारीक, पांढुरकी, कडेने काळवंडलेली रेघ होती. ती कशाची, हे कुणी कुणाला विचारलं नाही.

"करंट," ठाणेदार म्हणाले. "चोराला याने पकडलं. चोराच्या हातात कापलेली जिवंत केबल होती, तीच याला लावली. सरळ आहे."

तेवढ्यात नाल्यापलीकडून आरोळी आली. फासेपारधी भावसिंगच्या झोपडीमागे पोतं सापडलं होतं. पोत्यात गुंडाळलेली केबल होती. बबनरावांनी पाहताक्षणी आपली केबल ओळखली.

२

नाल्यापलीकडे फासेपारध्यांचा बेडा होता. पळसाच्या आडोशाला थोड्या झोपड्या, शेळ्या, एक हातपंप. इंग्रजांच्या काळात या लोकांना जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा कायदा होता. तो कायदा रद्द होऊन आजोबा-पणजोबांची पिढी उलटली, पण सावरटेकात कोंबडी हरवली तरी माणसं आधी नाल्याकडे बघत. भावसिंगने तरणेपणी चोरी केली होती आणि तुरुंगही भोगला होता. लग्न झाल्यावर त्याने शेळ्या घेतल्या. मजुरीला कुणी बोलवत नसे, कारण शेतात आला तर जागा बघून जाईल, अशी भीती. कार्तिकात अतुल आणि गस्तीच्या पोरांनी त्याला चौकात बांधून मारलं होतं. चोरी सिद्ध झाली नव्हती, तरी मारलं होतं.

म्हणजे भावसिंगकडे कारण होतं, आणि मालही त्याच्याच झोपडीमागे निघाला होता. ठाणेदारांनी त्याला जीपमध्ये घातलं. अतुलचं प्रेत चिरफाडीसाठी वणीला गेलं.

जीप गेल्यावर भावसिंगची बायको जमनाबाई प्रभावतींच्या दारात आली. पायरीवर चढली नाही.

"पाटीलबाई, तो रातभर घरी होता."

"तुह्या सांगण्यानं होईन का, जमना?"

"नाई होईन, माईत हाय मले. पन एक सांगा. चोरीचं पोतं कोनी आपल्याच घरामागं ठिवून झोपते का? अन् मानूस मारून झोपते का? आम्ही येडे हावो का?"

"रात्री कोनी आलतं का तिकडे?"

"कुत्रे भुकले. पह्यले भुकले, मंग एकदम गप झाले. ओळखीचं मानूस असन त गप होतेत."

"कोनाले ओळखतात तुमचे कुत्रे?"

"नाल्याकाठच्या समद्याच शेतवाल्यायले. ते रोज जातेत तिथून." जमनाबाईने पदराने तोंड पुसलं. "पोट्टे म्हणून राह्यले, मयत झाली का बेडा पेटवू. लेकरं कोठी नेऊ मी?"

प्रभावतींनी ठाण्यात फोन लावला. बंदोबस्त संध्याकाळपर्यंत पाठवतो, असं उत्तर आलं. प्रेत त्याआधीच परतणार होतं. त्यांनी बेड्यातल्या बायकांना आणि लेकरांना बौद्ध विहारात आणून बसवलं आणि विहाराला बाहेरून कुलूप लावलं. मग चौकात बबनराव भेटले.

"बाई, तुमी मधात पडू नका," बबनराव म्हणाले. "गावचा पोरगा गेला आमचा."

"माह्याबी गावचा होता, बबनभाऊ. विहिरीच्या पेटीले कोनी हात लावला का सकाळपासून?"

"कोन लावते? पोलिसायनं बी नाई लावला."

प्रभावती सरळ विहिरीकडे निघाल्या.

३

विहिरीवर आता कुणी नव्हतं. लाकडी खांबावर लोखंडी पेटी होती. प्रभावतींनी काठीने दार उघडलं.

आत किटकॅटच्या तिन्ही खाचा रिकाम्या होत्या.

त्या बांधावर बसल्या. त्यांचंही थोडं ओलिताचं शेत होतं. लाईन कशी चालते ते शेतकऱ्याच्या घरात लेकराला कळतं. खांबावरून लाईन पेटीत येते, पेटीतून किटकॅटमधून केबलमध्ये जाते. किटकॅट काढले की पेटीपुढची केबल म्हणजे नुसती दोरी. केबल कापणारा म्हणूनच सगळ्यात आधी किटकॅट काढतो. न काढता कापायला गेला तर तोच मरेल.

ते तिन्ही किटकॅट अतुलच्या खिशात निघाले होते.

भावसिंगने काढले असते, तर ते त्याच्याजवळ असते, नाहीतर हरभऱ्यात फेकलेले असते. मारलेल्या माणसाच्या खिशात ते कोण भरतं? बरं, समजा चोर दिसला म्हणून अतुलनेच घाईने किटकॅट काढले. तरीही ते तो जिवंत असताना काढले. मेलेला माणूस किटकॅट काढत नाही. मग कोणत्याही रीतीने पाहिलं, तरी ते निघाल्यानंतर या केबलमध्ये करंट नव्हता. ज्या केबलमध्ये करंट नाही, तिने माणूस मारता येत नाही.

आणि अतुल तर करंटनेच मेला होता.

त्यांना त्या रेघा आठवल्या. हातावर नाही, छातीवर नाही, दोन्ही नडग्यांवर, एकाच उंचीवर. अंगावर केबल टेकवणारा माणूस खाली वाकून दोन्ही पायांना टेकवेल का? अशी रेघ एकाच प्रकारे उठते. माणूस अंधारात चालत येतो आणि आडव्या ताणलेल्या तारेवर त्याचे पाय जातात.

या विहिरीजवळ आडवी तार कुठेच नव्हती.

अतुल इथं मेलाच नव्हता. कुणीतरी त्याला उचलून इथं आणलं होतं, हात-पाय सरळ केले होते आणि डोळे मिटले होते.

चोराने डोळे कशाला मिटले असते?

४

देठेंच्या घरी अंगणात माणसं होती, आत बायका. अतुलची आई हंसाबाई भिंतीला टेकून बसली होती. रडून रडून आवाज गेला होता. प्रभावती तिच्या बाजूला जाऊन बसल्या, पाठीवरून हात फिरवला. पुष्कळ वेळाने हंसाबाई आपणच बोलायला लागली. आपल्या माणसाबद्दल अशा वेळी बोलतात तसंच, काहीही आणि सगळं.

"काल भाकर नाई खाल्ली बापा त्यानं. कपिलनं हाक मारली अन् गेला. मी म्हनलं, स्वेटर घाल. तर म्हने, चालून चालून गरमी होते."

"श्रावणभाऊ घरी होते का?"

"ते रातच्यानं शेतात जागलीवर गेलते. डुकरायनं हरभऱ्याचं वाट्टोळं केलं न. सकाळी लवकर आले. थंड्या पाण्यानं डोक्यावरून आंघोळ केली, मी म्हनलं पानी तापवून देतो, तर ऐकलंच नाई. अन् मंग बबनभाऊ आले बोंबलत." तिने पदर डोळ्यांना लावला. "अतुलचे बाबा पडलेच, बाई. उभ्यानंच पडले. पानी मारलं तवा उठले."

श्रावण देठे मागच्या गोठ्यात बैलाच्या गव्हाणीला टेकून बसले होते. त्यांचे डोळे सुजले होते. हातात गवताची काडी होती, ती ते तोडत होते. संपली की दुसरी घेत.

"श्रावणभाऊ, काल रात्री कोठी होते तुमी?"

"घरीच."

"हंसाबाई म्हणते, जागलीवर गेलते."

काडी थांबली. "गेलतो. लवकर वापस आलो. थंडी होती."

"अतुल तुमच्या शेताकडे आलता का?"

"तो बबनच्या इकडे होता न. गस्तीवर." ते मान वर न करता म्हणाले, "बाई, माहं पोट्टं गेलं. मले काई इचारू नका."

प्रभावतींनी विचारलं नाही. त्या दुःखात खोटं काही नव्हतं. जन्मभर त्यांनी मयती पाहिल्या होत्या. खोटं रडणं लगेच ओळखू येतं. हे रडणं बापाचंच होतं, त्याबद्दल त्यांना शंका नव्हती.

त्या उठल्या, आणि हंसाबाईच्या बोलण्यातलं एक नाव डोक्यात घेऊन आपल्याच घराकडे वळल्या. कपिल त्यांचा पुतण्या होता. लहानपणापासून त्यांच्याच घरात वाढला होता, अतुलबरोबर भरतीसाठी पळत होता.

५

कपिल आतल्या खोलीत पांघरूण घेऊन भिंतीकडे तोंड करून पडला होता. ताटली झाकलेली तशीच होती.

"ऊठ," प्रभावती म्हणाल्या. "अतुलच्या खिशात किटकॅट काहून होते?"

कपिल उठून बसला, भिंतीकडेच तोंड करून.

"कपिल, भावसिंगले ठाण्यात काय करून राह्यले असतीन, ते तुले माईत हाय. मले खरं सांग. मी पाटील म्हणून इचारतो का काकू म्हणून, ते तूच ठरव."

मग त्याने सांगितलं. केबल तेच कापत होते, अतुल आणि तो. दिवाळीपासून. गस्तही तेच घालत, म्हणून कोणत्या शेतात कोण जागल करतं ते त्यांना कळे. तांबं एका भंगारवाल्याला जाई.

"कायले, बाबू?" प्रभावती म्हणाल्या. "घरी तुले खायले नोतं का?"

"होतं न. तेच त." कपिल गुडघ्यात डोकं घालून बोलत होता. "रोज तुह्या हातचं खायचं अन् रोज लोकायनं इचारायचं, काय करून राह्यला सध्या. अतुल म्हने, आयटीआयचं सर्टिफिकेट भिंतीले लावलं अन् वर्षं झाली, कोनी हाक मारली नाई. म्हने, लाईनचं काम येते, हेच काम हाय गावात. मले बी वाटलं, कोनाले कळते? चोरी झाली का समदे बेड्यातच जातेत. आमच्यावर कोनाचं ध्यानच जात नोतं."

"भावसिंगले चौकात मारलं, तवा तू होता?"

तो हो म्हणाला.

"काल काय झालं?"

"बबनकाकाची केबल कापली. अतुलनं पोतं घेतलं खांद्यावर. मी रस्त्यानं आलो, तो नाल्याकडून गेला, त्याच्या शेतातून जवळ पडते म्हणे. सकाळी दिसला नाई मले. मंग बबनकाका ओरडत आले. काकू, मले वाटलं खरंच भावसिंगनं मारलं असन, आमी मारलं त्याले म्हणून."

"अतुलच्या शेतात तार होती का? डुकरायसाठी?"

"नाई. त्याचे बाबा म्हनत होते, लाईन सोडतो म्हणून. तर अतुल भांडला त्यायच्याशी. म्हने, मी वायरमन हावो, तुमाले सांगून राह्यलो, मानूस मरन त्यात. मंग नाई लावली त्यायनं."

प्रभावतींना हंसाबाईचं बोलणं आठवलं. पहाटे, थंड्या पाण्याने, डोक्यावरून. बबनराव ओरडत आले ते त्यानंतर. मयताला हात लागला की माणूस आंघोळ करतो. बातमी यायच्या आधीच श्रावण देठेंनी आंघोळ केली होती.

६

श्रावणच्या शेताला लाईन दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या डीपीवरून यायची. तिथली पेटी शाबूत होती. नाल्याच्या बाजूच्या बांधावर प्रभावती वाकून चालत गेल्या. हरभऱ्याच्या कडेने ठरावीक अंतरावर जमिनीत ताजी भोकं होती, खुंट्या उपटून काढल्याची. एका भोकात सायकलच्या ट्यूबचा तुकडा अडकून राहिला होता. लाकडाच्या खुंटीला ट्यूब गुंडाळून त्यावरून तार नेतात, म्हणजे करंट जमिनीत उतरत नाही. पुढे एका जागी हरभरा लोळवलेला होता. डुकरांच्या खुरांचे ठसे तिथं कुठंच नव्हते.

त्या परतल्या तेव्हा वणीहून गाडी आली होती. प्रेत अंगणात ठेवलं होतं. चौकात पोरं जमत होती. एकाच्या हातात रॉकेलचा डबा होता, तो लपवायचीही कुणाला गरज वाटत नव्हती. बंदोबस्ताचा पत्ता नव्हता.

श्रावण अजून गोठ्यातच होते.

"भाऊ," प्रभावती त्यांच्यासमोर जमिनीवर बसल्या, "तार कोठी ठेवली?"

श्रावणनी वर पाहिलं आणि परत खाली.

"पोट्ट्याचे डोळे तुमी मिटले. हात-पाय तुमी सरळ केले. चोर तसं करत नाई. मी सकाळपासून तोच इचार करून राह्यली का, इतक्या मायेनं त्याले कोनं ठेवलं."

श्रावणनी हातातली काडी खाली टाकली.

"मले वाटलं डुक्कर सापडलं," श्रावण म्हणाले. आवाज अगदी साधा होता, शेतातली रोजची गोष्ट सांगावी तसा. "वरडल्याचा आवाज आला. मी खुशीनं गेलतो, बाई. बॅटरी घेऊन. खुशीनं."

प्रभावती थोड्या जवळ सरकल्या.

"तो नाई म्हनत होता. म्हणून त्याले न सांगता लावली. म्हनलं, तो तिकडे बबनच्या बाजूले गस्तीवर असते, इकडे कायले येते? दोन हंगाम गेले डुकरायच्या पोटात. फोटो काढले, अर्ज दिले, साहेब येतो म्हने, आले नाई. बंदूक नाई, फास नाई, काई करायचं नाई म्हने कायदा. मंग काय करावं मानसानं?" त्यांनी नाक पुसलं. "लाईन बंद केली. हलवलं त्याले. हलला नाई. त्याच्या बाजूनं पोतं पडलं होतं. उघडलं, तर बबनची केबल."

"मंग?"

"पाठीवर घेतलं त्याले. लहान होता तवा घेत होतो तसं. बबनच्या विहिरीवर नेऊन ठिवलं. लोक म्हनतीन, पोट्टा गस्त घालता घालता गेला. त्याचं नाव चोरात जाऊ नाई म्हणून पोतं तिकडे टाकलं."

"अन् भावसिंगचं नाव?"

श्रावणनी पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. त्या डोळ्यांत लबाडी नव्हती. हा प्रश्न आपल्याला पडलाच कसा नाही, याचं नुसतं आश्चर्य होतं.

"त्याचं त पह्यलेच हाय न, बाई, चोरात," ते म्हणाले.

७

बाहेर पोरांनी घोषणा द्यायला सुरुवात केली होती.

"भाऊ, बाहीर चला," प्रभावती म्हणाल्या. "तुमी सांगतलं त थांबतीन. मी सांगतलं त माह्या जातीवर जातीन, अन् मंग बेडा जळन."

"हंसाले कसं सांगू?"

प्रभावतींनी श्रावणच्या दंडाला धरलं. श्रावण उठले.

अंगणात पोराच्या पायाशी उभं राहून त्यांनी सांगितलं. थोडक्यात सांगितलं. तार मीच लावली, उचलून मीच नेलं, पोतं मीच टाकलं. भावसिंगनं काही केलं नाही. सांगताना ते कुणाकडेच पाहत नव्हते. हंसाबाई दारात उभी राहून ऐकत होती. ती ओरडली नाही, त्यांच्या अंगावर धावून आली नाही. फक्त हळूच आत वळली, आणि तिच्या मागे दार लागलं.

"पोतं तुमच्याकडे आलं कोठून?" बबनरावांनी विचारलं. "केबल त माह्या विहिरीची होती. कापली कोनं?"

मेलेल्या पोराला चोर म्हणणं श्रावणना जमत नव्हतं. प्रभावती इथं गप्प राहू शकत होत्या. बोलल्या नसत्या तर कदाचित पोतं श्रावणच्याच नावावर गेलं असतं, आणि आतल्या खोलीतला कपिल तसाच पडून राहिला असता.

"अतुलनं कापली," त्या म्हणाल्या. "अन् माह्या कपिलनं. दिवाळीपासून ते दोघंच कापत होते. कपिलनं मले सांगतलं. मी त्याले आताच ठाण्यात घेऊन जाऊन राह्यली."

रॉकेलचा डबा हातात घेतलेला पोरगा गस्तीतलाच होता. त्याने डबा खाली ठेवला. मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे पाटलीणबाईच्याच घरात चोर होता," आणि दोन-चार माणसं हसल्यासारखी झाली. प्रभावतींनी ते ऐकलं. अतुलची मयत उचलली गेली, तेव्हा त्या कपिलला मोटरसायकलवर मागे बसवून मुकुटबनच्या रस्त्याला लागल्या होत्या. वाटेत तो एकदाच बोलला. म्हणाला, "काकू, आता भरती त गेलीच." त्यांनी गाडी थांबवली नाही.

८

भावसिंग दुसऱ्या दिवशी सुटला. उजवा गुडघा सुजलेला होता आणि दोन बोटं वाकत नव्हती. कशाने, ते त्याने कुणाला सांगितलं नाही. श्रावण देठे यवतमाळच्या तुरुंगात गेले. कपिलला जामीन मिळाला, पण गावात राहणं त्याला जमेना. तो वणीकडे ट्रकवर क्लीनर म्हणून लागला.

प्रभावतींनी ग्रामसभेत विषय घेतला. अधिकारी आले होते, म्हणून सगळे आले होते. त्या फार बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "एक पोट्टा मेला, एक बाप तुरुंगात, एक मानूस लंगडा झाला. यातला जन्माचा गुन्हेगार मले कोनीच दिसला नाई. शेताले दिवसा लाईन द्या, म्हणजे रात्री शेतात कोनी मरनार नाई. डुकराची भरपाई वेळेवर द्या, म्हणजे कोनी चोरून तार लावनार नाई. शिकलेल्या पोट्ट्यायले हाताले काम द्या. अन् साहेब, चोरी झाली का गाडी सरळ बेड्यात नेऊ नका. तुमी तिकडे जाता, म्हणून खरा चोर गावात निवांत झोपते."

अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं. थोड्या दिवसांनी दिवसाची लाईन खरंच आली. डुकरं अडवायच्या सौर कुंपणाचं नुसतं बोलणंच झालं. बेड्यातली काही लेकरं शाळेत जाऊ लागली, काही दिवसांनी त्यातली निम्मी यायची बंद झाली. कुणी चिडवलं होतं म्हणे.

हंसाबाई एकदा बेड्याकडे गेली होती. हातपंपाजवळ उभी राहिली. जमनाबाईने तिच्याकडे पाहिलं, बस म्हणाली नाही. हंसाबाई तशीच परत आली. प्रभावतींनी जमनाला विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "मी कायले माफ करू? ती माफी मागाले आली असन, पन माह्याजवळ नाई."

उन्हाळ्यात शेजारच्या गावात मोटर चोरीला गेली.

जीप सकाळीच बेड्यात आली. ठाणेदार नवीन होते. निरोप मिळाला तशा प्रभावती धावतच नाला ओलांडून गेल्या. तोपर्यंत भावसिंगला जीपमध्ये बसवलं होतं. झोपडीच्या दारात जमनाबाई उभी होती, लेकराला पोटाशी धरून.

"कशावरून नेता साहेब?"

"नेहमीची चौकशी आहे. तुम्हाला माहीत आहे."

"मले माईत हाय, म्हणूनच इचारलं. पुरावा काय हाय?"

ठाणेदारांनी ड्रायव्हरला खूण केली. तेव्हा प्रभावती जीपमागे गेल्या आणि वर चढून भावसिंगच्या बाजूला बसल्या.

"उतरा बाई."

"पोलीस पाटील हावो मी. माह्या गावचा मानूस हाय. चौकशी होईपर्यंत मी तिथंच बसतो."

ठाणेदार काही म्हणणार, तोच नाल्याकडून हंसाबाई येताना दिसली. तिच्या शेतात मजूर होते, तिथूनच आली असावी, पायांना माती होती. ती जमनाबाईकडे न पाहता सरळ जीपकडे आली आणि लोखंडी दांडीला धरून वर चढू लागली. तिला चढता येईना. भावसिंगने क्षणभर तिच्याकडे पाहिलं, मग न वाकणाऱ्या बोटांचा हात पुढे केला. ती त्याच्या दुसऱ्या बाजूला बसली.

जीप निघाली. ठाण्यात त्या दोघी बाकावर बसून राहिल्या. चौकशी झाली, अंगठा घेतला, आणि उन्हं उतरायच्या आत संपली. परतीच्या बसमध्ये जागा नव्हती, म्हणून तिघं उभ्यानं आली. फाट्यावर उतरून भावसिंग लंगडत, पण आपल्या पायांनी, बेड्याच्या वाटेला लागला. त्याच्या मागे थोडं अंतर ठेवून दोन बायका चालत होत्या.